हसीनाभाभीच्या हातातली दोरी

मोटारीचा फुटवाल, म्हणजे नदीत सोडलेल्या पाइपाचं तोंड, गवतात अडकलं की दौंड-शिरूरकडचे बागायतदार फकीरला फोन लावतात. भीमेच्या डोहात बुडी मारून ते मोकळं करणारा हा एकच गडी. पेपरात त्याचा फोटो आला तेव्हा मी बातमीदाराला झापलं होतं. अर्धा फोटो कुठं ठेवलास? फकीरच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक सतरा वर्षं त्याच्या बायकोच्या, हसीनाभाभीच्या हातात आहे, ती कुठाय?

भाभी घड्याळ लावत नाही. फकीर बुडाला की काठावर तीपण श्वास कोंडते. दम संपला की दोरीला एक झटका: माझा सुटला, आता तू बी सोड आन् वर ये. खाली फकीर तोंडातली हवा सोडून देतो अन् वर येतो. एवढाच त्यांचा करार.

गेल्या हिवाळ्यात नदीच्या तळातल्या गवताचं चित्रण करायला पुण्याहून अनुपमा आली. तिला मीच आणलं, नदीत सोडलेल्या घाणीवरून चाललेल्या भांडणात मला पुरावा हवा होता. तिनं चार दिवस फकीरला पुण्याच्या तलावात नेऊन पाठीवर हवेचं नळकांडं बांधायला शिकवलं. तो परतला तो बदलूनच.

"समुद्रात म्हनं जंगल असतं, नारळाएवढं उंच. म्याडम त्यात फिरल्यात. जोडीनं. जोडीदाराला बडी म्हंत्यात."

"बरं," भाभी भाकरी थापत म्हणाली. "मग सतरा वर्सं मी कोन व्हते?"

फकीरनं भाजीत मान घातली.

डोहावर अनुपमानं दोरी बघितली. "ही नको. गवतात गुंतेल. बडी शेजारीच असतो."

"मग मी हितं काय माशा मारू?"

"ताई, तुम्ही आराम करा. फक्त एक, फकीरभाऊ, श्वास कधीच कोंडायचा नाही. बुडबुडे चालू राहिले पाहिजेत."

फकीरनं कुणाकडं न बघता दोरी कमरेला बांधली. दोघं बोटांनी खुणा करत हसत खाली गेली. त्या खुणा भाभीला येत नव्हत्या. तिचं तोंड मी बघितलं. सवत घरात आली तरी बाई एवढी काळवंडत नसेल.

"भाऊ, तुम्हीच आनली ही बया."

खरंच होतं.

पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रांगा. भाभी त्याचीच रांग बघत होती, डोळे वटारून. मधेच ती रांग थांबली. अनुपमाची चालू, फकीरची बंद.

"ओढा!" मी ओरडलो.

"हात लावू नका! त्यानं दम कोंडलाय. त्याच्या हाताला काम लागलं आसंल."

तिनं एकच झटका दिला, हलका.

पाणी उसळलं. बुडबुडे सोडत सोडत फकीर वर आला. मागोमाग अनुपमा, तणतणत. "वर का आलात? मी पाठमोरी होते!"

"फुटवालात जाळं अडकलं व्हतं, ते कापत व्हतो. हात कामाला लागला की दम आपोआप बंद हुतो, म्याडम. मग हिचा झटका आला, म्हून सोडला."

अनुपमाचा रंग उडाला. तसाच श्वास कोंडून वर आला असता, तर फुप्फुस फाटलं असतं, असं ती हळूच म्हणाली. मग भाभीला म्हणाली, "ताई, दोरी राहू दे. तुम्हीच धरा."

मला वाटलं, भाभी आता खुलेल. कसली खुलतेय! तिनं दोरीचं टोक अनुपमाच्या ओल्या हातात कोंबलं.

"न्हाई. आता मला शिकवा ते नळकांडं. पवाया येतं मला. हे डोहातलं जंगल ह्यांच्यासंगं मी बघनार. तुम्ही हितं उभ्या ऱ्हावा."

"पण मला झटक्याचं काही कळत नाही, ताई."

"कळंल. आधी दम कोंडाया शिका."