खांद्याने चढणारा सूर

आमचे घरमालक कोणतीही वस्तू आधी दाबून बघायचे. कलिंगड तुम्ही-आम्हीही दाबून बघतो, त्यात विशेष नाही. पण ते गादी, भिंतीचा गिलावा, स्कूटरची सीट, दुसऱ्याच्या डब्यातली पोळी, नव्या भाडेकरूचा दंड, सगळंच दाबायचे आणि मग मान हलवून निकाल द्यायचे. "दाबल्याबिगर काय कळत न्हाई, सर." मी हिंजवडीजवळ मारुंजीत त्यांच्या खोलीत राहायला गेलो, त्या दिवशी त्यांनी माझा लॅपटॉप दाबला. "नाजूक हाय," म्हणाले. तो आठवडाभरात बंद पडला. तेव्हापासून मी त्यांच्या निकालांना मान देऊ लागलो.

त्यांचं नाव सांगत नाही. आम्ही भाडेकरू त्यांना काका म्हणायचो आणि ते आम्हा सगळ्यांना सर म्हणायचे. परभणी, लातूर, सोलापूर, कुठूनही कॉम्प्युटरवर काम करायला आलेला माणूस त्यांच्या लेखी सरच. जिथे पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं तिथेच त्यांची इमारत उभी होती, आणि "हितं बेडूक वरडायचं, आता तुमी वरडताय," असं ते आम्हाला क्रिकेटच्या मॅचच्या वेळी सांगायचे.

खोल्या बांधण्याआधी काका पिरंगुटला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. लग्नसराईत मात्र ते बेंजो पार्टीत गिटार वाजवायचे. वरातीतली बेंजो पार्टी तुम्ही पाहिली असेलच. पुढे टेंपोवर मोठाले स्पीकर, आणि टेंपोच्या मागून वायरींनी त्याला जोडलेले वाजवणारे, नाचणाऱ्यांना चुकवत चालत असतात. त्यात लाल इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून, शर्टाची वरची बटणं उघडी टाकून चालणारा जो एक असतो, ते आमचे काका.

मग एकदा प्रेसखाली त्यांच्या डाव्या हाताची बोटं सापडली. बोटं जागेवर राहिली, पण त्यातला जोर गेला. कोणी विचारलं की ते सांगत, "आयुष्यभर मी समद्यास्नी दाबून बघितलं. येकदा मशीननं मला बघितलं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसावं की नाही हे मला कळेना. ते स्वतः खदखदून हसत होते, म्हणून मीही हसलो.

त्या बोटांनी ते साधी साथ करू शकत. पण गिटारची तार बोटाने आडवी ओढून सूर वर चढवायचा, तर त्याला जोर लागतो. तेवढं एक गेलं. आणि नेमकं तेवढंच त्यांना हवं होतं.

त्याचं कारण शीतल, त्यांची एकुलती एक मुलगी. ती तान्ही असताना साडीच्या झोक्यात तिला निजवायला ते एक चाल वाजवायचे. चाल अगदी बेताची, पण शेवटी एक सूर हळूहळू वर चढायचा आणि वरच रेंगाळायचा. तो चढला की ती रडायची थांबायची. पुढे साडी जाऊन फळीचा झोका आला, तेव्हा ती ओरडायची, "पप्पा, अजून वर!" काकांनी तिला तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की सासरी निघशील तेव्हा हेच वाजवीन.

आता शीतल हिंजवडीत नोकरीला होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा नाशिकचा, चांगला होता. काकांनी दंड दाबून खात्री केली होती. एका संध्याकाळी शीतल म्हणाली, "पप्पा, पाठवणीला तुम्ही नका वाजवू. बोटं सुजतात तुमची. डीजेवाल्याला सांगू काहीतरी लावायला." तिने मायेनेच सांगितलं होतं. काका माझ्या खोलीत आले, गादी दाबून बसले आणि म्हणाले, "पोरीला वाटतंय, बापाचं वाजवणं संपलं."

मी त्यांना सुचवलं, की तार ओढण्याऐवजी बोट नुसतं पुढे सरकवा.

"न्हाई सर. त्ये जिना चढल्यावानी हुतं. मला झोका पायजे."

मग मी मोबाईलवर शोधाशोध केली आणि मला एक व्हिडिओ सापडला. त्यात एक गोरा माणूस गिटारची दांडी खाली दाबत होता, आणि बोट न लावता एक तार आपोआप वर चढत होती. भानगड अशी, की गिटारचा पट्टा खांद्यावरून येतो तो गिटारला न बांधता आतल्या एका पट्टीला बांधायचा. गिटार खाली दाबली की पट्टा ती पट्टी ओढतो आणि पट्टी तार ओढते. सोडलं की स्प्रिंग सगळं जागेवर आणते.

काकांनी मोबाईल नाकाजवळ धरला.

"म्हंजी हा बाबा दाबतुया!"

"हो काका."

"नुस्तं दाबतुया!"

"हो."

"आन सूर चढतुया!" त्यांनी माझा खांदा इतका दाबला की मी कळवळलो. "सर, ह्ये यंत्र माज्यासाटीच काडलंय. त्या गोऱ्याला ठाव न्हाई, येवडंच."

असं यंत्र तयारही मिळतं, पुण्यात बसवून देणारे कोणी असतील, असं मी म्हणून पाहिलं. त्यांना ते अपमानास्पद वाटलं. "उभी हयात पिरंगुटात पत्रं वाकवलं मी. येवडी पट्टी वाकवाया पुण्याला जाऊ?"

शीतल ऑफिसला गेली की ओसरीवर शस्त्रक्रिया सुरू व्हायची. तिला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. पट्टी काकांनी स्वतः वाकवली. गिटारच्या पाठीत खोबण करायला भरे गावाहून त्यांचा मामेभाऊ आला. तो सुतार होता, पण सोसायट्यांची दारं बसवून बसवून त्याचं डोकं दारात अडकलेलं. त्याने गिटार उलटसुलट केली आणि विचारलं, "ह्ये उघडायचं कुटल्या अंगाला?"

"उघडायचं न्हाई. खोबण पायजे."

"मग बिजागरी?"

"बिजागरी न्हाई."

"आन कडी?"

कडीही नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह गेला. तरी त्याने पटाशी लावली, आणि लावली ती अशी की खोबण पाठीतून पोटात निघाली. गिटारच्या दर्शनी भागाला भगदाड पडलं. काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या भोकातून त्यांना पलीकडचा सुतार दिसला. "आता ह्येच बगायचं ऱ्हायलं हुतं," म्हणून त्या आत गेल्या आणि गणपतीचं स्टिकर घेऊन आल्या. ते भोकावर चिकटवलं. काकांनी दाबून पाहिलं आणि काम पुढे चालू झालं.

खरी पंचाईत स्प्रिंगने केली. पहिली स्प्रिंग स्कूटरच्या स्टँडची. ती इतकी घट्ट होती की काका दांडीला अक्षरशः लोंबकळले. गिटार खाली गेली, काका खाली गेले, सूर होता तिथेच राहिला. दुसरी माझ्या बॉलपेनातली. ती इतकी ढिली की गिटार नुसती गळ्यात घातली तरी तार चढायची. काकांनी उसासा टाकला की सूर बदलायचा.

"तुमी श्वास घेऊ नका, म्हंजी झालं," काकू म्हणाल्या.

शेवटी काका पाण्याच्या टाकीमागे गेले. तिथे शीतलची शाळेतली सायकल गंजत पडली होती. तिच्या ब्रेकची स्प्रिंग काढून त्यांनी चिमटीत दाबली, पुन्हा दाबली आणि म्हणाले, "ही हाय." आणि तीच होती. गिटारचं वजन तिने पेललं, आणि वरून जरा जोर दिला की ऐकलं. सूर किती चढवायचा हे ठरवायला मागे एक स्क्रू ठेवला होता. काका तो पिळत होते, मी मोबाईलवर सूर मोजत होतो, आणि दोघंही एकमेकांना चूक म्हणत होतो. अखेर एका दुपारी काकांनी तार छेडून खांद्याच्या जोराने दांडी हलकेच दाबली आणि सूर सरसर वर गेला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सुतारसुद्धा कडीचं विसरला होता.

शीतलच्या लग्नाआधी काकांच्या भाच्याची वरात होती. शीतलला त्या दिवशी सुट्टी नव्हती, म्हणून तिथेच रंगीत तालीम करायची असं ठरलं. काका तुऱ्याचा फेटा बांधून निघाले. वरात हलली, आणि आमच्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की हे यंत्र आम्ही ओसरीवर उभं राहून बसवलं होतं, आणि बेंजो पार्टी तर चालते. ज्या माणसाने उभं आयुष्य वरातीत चालत वाजवलं, त्याच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. काकांनी पाऊल टाकलं की गिटार हिंदकळायची आणि तार चढायची. सबंध गाण्याला पावलागणिक उचकी लागली. बेंजोवाला मागे वळून ओरडला, "काका, पाणी पाजा तिला!" काका घाबरून भरभर चालू लागले, तशा उचक्याही भरभर येऊ लागल्या. नवरदेवाचा घोडा कान टवकारून जागीच थबकला.

नाचणाऱ्या पोरांना मात्र ते बेहद्द आवडलं. त्यांनी उचकीबरोबर खांदा उडवायची एक नवीच तऱ्हा काढली आणि काकांना कोंडाळ्यात घेतलं. "काका, थांबायचं न्हाई!" मारुंजीत अजूनही वरातीत पोरं तसा खांदा उडवतात, ते कुठून आलं हे आता तुम्हाला कळलं.

घरी आल्यावर काकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "नाचाया लई भारी हाय, सर," ते म्हणाले. "पर झोका न्हाई."

मग त्यांनी न हिंदकळता चालायचा सराव सुरू केला. गच्चीवर आमच्या वाळत घातलेल्या चड्ड्या-बनियनांमधून काका गळ्यात गिटार घालून तरंगत चालले आहेत, हे दृश्य मी घरून ऑफिसची मीटिंग चालू असताना माझ्या गच्चीलगतच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं आहे. "डोक्यावर हंडा देऊ का?" काकूंनी चेष्टेने विचारलं. त्यांनी तोही घेऊन पाहिला. शीतलने विचारलं, पप्पा असे का चालतात, तर काकूंनी गुडघेदुखीवर ढकललं. शेवटी हंडा अंगावर सांडून भिजलेले काका मला म्हणाले, "मी बी येडाच. पाठवणीला बाप कुटं चालतुया? चालत जाती ती पोरगी. बाप हुबाच आसतुया."

लग्न पिरंगुटच्या बाजूला एका मंगल कार्यालयात झालं. पाठवणीच्या वेळी शीतल मावशी-आत्यांच्या गळ्यात पडत एकेक पाऊल गाडीकडे सरकत होती. काका टेंपोच्या स्पीकरशेजारी उभे राहिले, आणि त्यांनी हाताने खूण करून बेंजो थांबवला. पांढरे शुभ्र कपडे, लाल गिटार आणि तिच्या पोटावर गणपती. त्यांनी ती चाल सुरू केली. शीतलने वळून पाहिलं. तिला ओळखू आली होती.

शेवटचा सूर आला. काकांनी मोकळी तार छेडली. आता फक्त दाबायचं होतं. मी त्यांच्या खांद्याकडे बघत होतो आणि तो खांदा हलेना. सूर सरळ वाजला आणि विरून गेला. त्यांनी पुन्हा तार छेडली. पुन्हा तेच. समोर आलेली प्रत्येक वस्तू दाबून बघणाऱ्या या माणसाला ती दांडी दाबवेना. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले, आणि नजर लेकीवर.

"दाबा की, काका," मी म्हणालो.

त्यांनी तिसऱ्यांदा तार छेडली. स्पीकर जवळच असल्याने या वेळी सूर संपेना, नुसता घुमत राहिला. तेवढ्यात शीतल आत्याच्या हातातून सुटली आणि धावत आली. डाव्या बाजूने येऊन तिने बापाच्या गळ्यात हात टाकला आणि ती रडू लागली. मधे गिटार आहे याचं कोणाला भान नव्हतं. तिचं सगळं वजन दांडीवर आलं.

सूर चढला. हळूहळू, जसा चढायला हवा होता तसाच चढला आणि वर जाऊन थांबला. शीतलने दचकून मान वर केली. आवाज कुठून येतोय हे तिला कळेना.

"सोडू नगं," काका म्हणाले. "आजून वर."

तिने सोडलं नाही. गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तरी सोडलं नाही. काकूंनी येऊन तिला सोडवलं तेव्हा सूर खाली आला, आणि मग आम्ही सगळ्यांनीच खुशाल रडून घेतलं. भऱ्याचा सुतार सगळ्यात मोठ्याने.

आता मी मारुंजीत राहत नाही. परवा तिकडे काम होतं म्हणून त्यांच्याकडे गेलो. काकांनी आधी माझ्या गाडीचं बॉनेट दाबलं. "पातळ हाय." मग माझं पोट दाबलं. "सुकात हाय." घरात शीतलच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिच्या दारालगत खिळ्याला ती लाल गिटार टांगलेली. काकू चहा टाकायला गेल्या, आणि मी सहज दांडीकडे हात नेला. म्हटलं, सायकलची स्प्रिंग अजून काम करते का बघू.

काकांनी माझा हात मधेच धरला.

"ऱ्हाऊ द्या, सर," ते म्हणाले. "दिवाळीला शीतल येतीया. ती दाबंल."