चार हिरवे दिवे

कारखाना बंद पडला की यंत्रं भंगारात जातात, शेड कुणाच्या तरी गोदामाला जाते, खुर्च्यासुद्धा कुणीतरी उचलून नेतं. किस्से मात्र भंगारवाला घेत नाही. ते आपल्याच गळ्यात पडतात. वालीवच्या आमच्या कारखान्याला कुलूप लागून बरीच वर्षं झाली, पण शिर्के आणि मी वसई स्टेशनबाहेर चहाला बसलो की बोलणं फिरून त्या व्हॅनवर येतंच. शिर्के आमचा स्टोअरकीपर, मूळचा साताऱ्याचा, जीभही तिकडचीच. मी डिस्पॅचला होतो. आम्ही कंट्रोल पॅनेल बनवायचो. लोखंडी पेट्या, आत वायरिंग, दारावर मीटर. लोकांना अचूक आकडे दाखवण्याचा धंदा!

*

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माल पोचवायला कंपनीनं जुनी व्हॅन घेतली आणि तिला गॅसचं किट बसवलं. म्हणजे गाडी गॅसवरही चालणार, पेट्रोलवरही. स्टिअरिंगजवळ एक बटण आणि त्यावर चार हिरवे दिवे. चार पेटले की टाकी भरलेली, एकच उरला की संपत आली. नारळ फुटला, पेढे वाटून झाले. आमचे मॅनेजर सामंत साहेब किटचं माहितीपत्रक उंचावून म्हणाले, "एकदा गॅस भरला की दीडशे किलोमीटर! बघायलाच नको!"

लगेच हुकूम सुटला की पेट्रोल भरायचं नाही. दोन-दोन इंधनं कशाला?

पहिल्याच खेपेला मी बरोबर होतो. ड्रायव्हर पास्कू, वसईजवळच्या पापडी गावचा. पूर्वी वाडीतली केळी आणि भाजी ट्रकनं मुंबईला न्यायचा. पन्नाशी उलटलेला माणूस. आम्ही त्याला दादा म्हणायचो, साहेब अरे-तुरे करायचे. परत येताना दोन दिवे पेटलेले होते, म्हणून गॅसच्या पंपावरची लांबलचक रांग बघून आम्ही पुढे निघालो. खाडीच्या पुलावर गाडी गप्प! दिवे दोनच्या दोन. पेट्रोलचं बटण दाबलं, तर टाकी कोरडी.

मी चालत जाऊन बूथवरून फोन केला. साहेब म्हणाले, "शक्यच नाही. पत्रकात तसं लिहिलेलं नाही!"

शिर्के नंतर म्हणाला, "राणे, मग पत्रकच घालायचं होतं टाकीत."

*

त्या दिव्यांचा स्वभाव कळायला आम्हाला चार-सहा महिने लागले. सकाळी दोन, दुपारी तीन, चढावर एक, उतारावर पुन्हा दोन. पास्कूदादा बटणाला टिचकी मारायचा, मग क्रूसाची खूण करायचा, मग पुन्हा टिचकी. एवढ्यावर अंदाज बांधायचा आणि तोही बहुतेक वेळा चुकायचा.

शेवटी किटवाल्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "अहो, दिवे गॅस मोजत नाहीत, टाकीतला दाब मोजतात. टाकी उन्हात तापली की दाब वाढतो आणि दिवा पेटतो. गार झाली की विझतो. गॅस आहे तेवढाच."

शिर्के म्हणाला, "म्हणजे आपला मालक! लांबून विचारा, चारही दिवे. बोनस मागायला जा, अंधार!"

मेकॅनिकचं म्हणणं मी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मेकॅनिकला काय कळतं?" त्यांच्या टेबलावर पत्रक होतं ना!

*

एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर पॅनेल तपासायला आला. ऑर्डर मोठी होती, ती मिळाली तर सगळी शेड वर्षभर कामाला लागली असती. माणूस खूश झाला, जेवला, आणि साहेब स्वतः त्याला स्टेशनवर सोडायला निघाले. मागे मी.

गोखिवऱ्याजवळ गॅस संपला. दिवे तीन! साहेब ऐटीत म्हणाले, "पेट्रोलवर घे." पुलावरच्या तमाशानंतर थोडं पेट्रोल ठेवायची परवानगी मिळाली होती आणि काटा अर्ध्यावर दिसत होता. पण टाकी कधी वापरातच नव्हती, त्यामुळे काटा तिथेच अडकून बसला होता. पेट्रोल केव्हाच उडून गेलेलं.

टाय लावलेला तो इन्स्पेक्टर खाली उतरला आणि आमच्याबरोबर व्हॅन ढकलू लागला. घाम पुसत त्यानं विचारलं, "तुमच्या पॅनेलवरचे मीटर पण असेच आहेत का हो?"

साहेब हसले. ऑर्डर आली नाही. पुढच्याच महिन्यात शेडमधली चार माणसं कमी झाली, आणि साहेबांनी एकच सुधारणा केली. पेट्रोलची टाकी कायम भरून ठेवायची आणि तिच्या झाकणाची किल्ली केबिनमध्ये.

*

ऑर्डर गेली की खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचं असतं. साहेबांनी दिवे स्वतः तपासायला सुरुवात केली. जेवण झालं की पत्र्याच्या कुंपणालगत उन्हात उभ्या व्हॅनपाशी जायचे, बटण लावून बघायचे, चार दिवे. संध्याकाळी सावली आली की पुन्हा बघायचे, तीन. मधल्या वेळात गाडी जागची हललेली नाही.

"मग चौथा दिवा गेला कुठे?" त्यांनी पास्कूदादाला केबिनमध्ये उभं केलं. "कोण घेतो तुझ्याकडून गॅस?"

पास्कूदादाला आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला, "सायब, गॅस मी काय खिशात घालून नेला? का पाण्याच्या बाटलीत भरला?"

"तुम्हा लोकांच्या युक्त्या असतात!"

तीस वर्षं लोकांचा माल वाहिलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आणि शिर्केनं साहेबांना ओढतच बाहेर आणलं. सकाळची वेळ, व्हॅन सावलीत, तीन दिवे. त्यांच्या डोळ्यांदेखत ती उन्हात आणून उभी केली. टाकी तापू दिली. साहेब घड्याळ बघत उभे राहिले. थोड्या वेळानं चौथा दिवा टुपकन पेटला!

आम्हाला वाटलं, झालं, सुटला बिचारा. साहेब त्या दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अस्सं! म्हणजे हा गाडी उन्हात ठेवून दिवे वाढवतो आणि मला फसवतो!"

पास्कूदादा त्याच दिवशी घरी बसला.

*

वालीवहून पापडीला बातमी जायला कितीसा वेळ लागतो? रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर लोक त्याला विचारायला लागले, "पास्कू, गॅसचं काय रे झालं?" गावच्या सणाची वर्गणीची पेटी दरवर्षी घरोघर तोच फिरवायचा. त्या वर्षी कमिटीनं अगदी गोड बोलून ती दुसऱ्याकडे दिली. "तुला उगीच त्रास नको," म्हणाले.

नोकरीपेक्षा त्याला ते लागलं. कमिटीतल्या एकानं सांगितलं होतं, की तुझ्या साहेबानं नुसतं तोंडानं म्हटलं तरी पेटी परत तुझ्याकडे देऊ. म्हणून तो रोज दुपारी सायकलवरून वालीवला यायचा आणि गेटपाशी उभा राहायचा. साहेब जेवून बाहेर आले की एवढंच म्हणायचा, "सायब, काम नको मला. फक्त म्हणा, पास्कूनं गॅस चोरला नाही. एकदाच म्हणा."

साहेब वॉचमनला म्हणायचे, "याला आत कोण सोडतं?"

शिर्केसारखा माणूस, पण तो यावर कधी विनोद करू शकला नाही.

*

आता शेवटचा किस्सा. साहेब त्यातून वाचले, हे आधीच सांगून टाकतो. बरे होऊन परत आले, तेव्हा त्यांना त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. मी आणि शिर्के आठवण करून द्यायला गेलो, तर म्हणाले, "दुखण्यात माणूस काहीही बडबडतो." पास्कूदादाला कामावर घेतलं नाही. पेटीही परत आली नाही.

एप्रिलची दुपार होती. साहेब केबिनमधून छाती धरून बाहेर आले आणि दारातच बसले. चेहरा पांढराफटक, शर्ट घामानं चिंब. रिक्षा मिळेना. नवीन ड्रायव्हर ठेवलाच नव्हता, व्हॅन साहेब स्वतःच चालवायचे. मला गाडी येत नाही, शिर्केलाही नाही. गेटपाशी पास्कूदादा सायकल धरून उभा होता.

शिर्केनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्यानं सायकल भिंतीला लावली.

आम्ही साहेबांना मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं माझ्या मांडीवर, पाय शिर्केच्या. व्हॅन सकाळपासून उन्हात तापलेली. पास्कूदादा पुढे बसला, किल्ली फिरवली, क्रूसाची खूण केली. बटणावर चारही दिवे लखलखीत पेटले.

त्यानं गियर टाकला नाही. मान वळवून मागे बघितलं.

"सायब, चार दिवे हायत. इस्पितळ लांब हाय. दिव्यांवर भरवसा ठेवून गॅसवर नेऊ?"

साहेबांनी डोळे उघडले. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. त्यांनी त्या चार दिव्यांकडे बघितलं, मग पास्कूदादाकडे. पास्कूदादा थांबला होता.

"पेट्रोलवर घे," साहेब म्हणाले.