काहिलीतून आणलेली सुईण

आमचे वडील रावजी. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. बारामतीजवळ पिंपळीत त्यांची तीन एकर बागायत होती. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की गुडघाभर चिखलात उभे राहून दारं धरायची, वांगी-मिरच्या तोडायच्या, पाट्या भरून बाजार गाठायचा, एवढं सगळं ते एकटे करत. त्यानंतरही अंगात जी रग उरायची, तिचा त्रास घरच्यांना होई. माझी आई सिंधुबाई म्हणायची, "लोकांची मानसं दमली की निजत्यात. आमचं मानूस दमलं की नवं खूळ काढतं."

सन एकतीसमधलं खूळ म्हणजे सायकल. जुनीच होती. तिला ब्रेक होता, पण तो दाबणं तात्यांना कमीपणाचं वाटे. दोनदा कालव्यात पडून ते ती शिकले. त्याच साली त्यांनी टमाटे लावले. गावात ते कुणी खात नसे. आमची आजी माळकरी. तिला ते आतून मटणासारखे दिसायचे, म्हणून तिनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. इंदापुरात कचेरीतले लोक टमाटे खातात असं कुणीतरी सांगितलं. झालं, तात्यांनी सायकलच्या मागे दोन पाट्या बांधल्या आणि तीस मैल हाणत गेले.

रस्ता खडीचा. इंदापुरात पोचेपर्यंत पाट्यांमधून लाल रस गळत होता आणि मागे कुत्री लागली होती. एका कारकुनाच्या दारात ते उभे राहिले. कारकुनाच्या पत्नी प्रमोदिनीबाई बाहेर आल्या, पाटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हे काय आणलंय?"

"तयार सार हाय, बाई. निस्ती फोडणी द्या."

बाई हसल्या. त्यांनी पातेलंभर घेतलं आणि सल्लाही दिला, पुढच्या खेपेला कच्चे तोडा आणि गवतात बसवून आणा. तात्यांनी बायकोचं आयुष्यात कधी ऐकलं नाही, पण दुसऱ्याच्या बायकोचं त्या दिवशी ऐकलं. पुढं चार वर्षं इंदापूरच्या निम्म्या कचेरीला टमाटे आमच्या मळ्यातले जात.

पस्तीस साली त्यांनी नीरा नदीच्या काठी वाट्यानं ऊस केला आणि आई, तीन मुली असं सगळं बिऱ्हाड तिथल्या छपरात नेऊन टाकलं. आईला दिवस गेलेले होते. श्रावणात नदीला पूर आला, नाव बंद पडली आणि नेमक्या त्या सकाळी आईला कळा सुरू झाल्या. अलीकडच्या वस्तीवर सुईण नव्हती. धोंडाबाई नावाची जी होती, ती लेकीकडं म्हणून पलीकडच्या काठाला जाऊन अडकलेली.

शेजारी दत्तोबाचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील पावसाळ्यात तिथं पालथी घातलेली असे. तात्यांनी ती उलटी केली. खाली दत्तोबाची कोंबडी अंड्यांवर बसलेली निघाली.

"रावजी, काय करतूस?" दत्तोबानं विचारलं.

"सुईन आनतो."

"हिच्यात? आरं, ही गुळाची हाय."

"तरंगती का न्हाय, येवढं सांग."

"अजून कुनी बघितलं न्हाय."

दोघांनी ती ओढत काठाला नेली. तात्या एक लांब फळी घेऊन आत बसले. प्रवाहानं त्यांना खाली नेलं ते चांगलं अर्धा कोस, पण पलीकडं लावलं. तिथल्या चौघांनी दोर बांधून काहील काठाकाठानं आमच्या छपराच्याही अर्धा कोस वर ओढत नेली, म्हणजे परतताना वाहत खाली छपरापाशी लागावी. तोवर तात्यांनी धोंडाबाईला गाठलं. बाई साठीची, अंगानं भरलेली आणि तोंडानं त्याहून.

काहील बघून ती म्हणाली, "ह्यात बसू? म्या काय गूळ हाय का?"

"गुळाला तोंड नसतं, मावशी. बस."

पन्नास बाळंतपणं केलेली बाई ती. कळा सकाळपासून चालू आहेत म्हटल्यावर शिव्या देत का होईना, बसली. काहील सरळ जात नाही, गरगर फिरते. प्रत्येक गिरकीला धोंडाबाईला लेकीचं गाव दिसे आणि प्रत्येक वेळी ते आणखी लांब गेलेलं असे. तिनं तात्यांचा उद्धार केला, तात्यांच्या बापाचा केला, काहील घडवणाऱ्या लोहाराचा केला. मध्यावर एक बाभळीचं खोड वाहत आलं. तात्यांनी फळीनं ते ढकललं, पण काहील कलली आणि वीतभर पाणी आत आलं. धोंडाबाईनं शिव्या थांबवल्या, गाठोड्यातला गडू काढला आणि मुकाट पाणी उपसायला लागली. तात्या नंतर सांगायचे, "ती गप झाली आन् मला पैल्यांदा भ्या वाटलं."

काठाला लागले तेव्हा छपराच्या दारात दत्तोबाची बायको कौसल्या उभी होती. "पोर झाली," ती म्हणाली. "पन रडंना."

धोंडाबाई ओल्या लुगड्यानिशी आत धावली. तिनं बोटानं बाळाचं तोंड साफ केलं, पाय धरून उलटं केलं, पाठीवर दोन रट्टे दिले. बराच वेळ काही झालं नाही. मग बाळानं जी बोंब ठोकली ती तात्यांना बाहेर ऐकू आली, आणि ते होते तिथं चिखलात खाली बसले.

ते बाळ म्हणजे मी.

चौथी मुलगी. धोंडाबाई हात धुताना म्हणाली, "हिचं नाव नकोशी ठिवा. म्हंजे पुढचा पोरगा हुतोय."

"नकोशी?" तात्या म्हणाले. "नको असती तर तुला आनाया काहिलीत बसलो असतो व्हय?"

नीरा आणि भीमा यांचा संगम तिथून खाली काही कोसांवर. तात्यांनी संगमावरून माझं नाव प्रयाग ठेवलं. धोंडाबाईनं परत काहिलीत बसायला साफ नकार दिला. पाणी उतरेपर्यंत आठ दिवस ती आमच्याकडं राहिली आणि बाळंतिणीचे निम्मे लाडू तिनं संपवले.

ती गेल्यावर आईनं विषय काढला.

"तुमी बुडला असता तर चार पोरी घिऊन म्या कुठं गेली असती?"

"त्येचा इचार न्हाय केला."

"कवा केलाय?"

पुढच्या वर्षी ऊस सोडून ते सगळ्यांना घेऊन पिंपळीला परतले. उन्हाळ्यात त्यांनी तिघी बहिणींच्या पाठीला वाळके भोपळे बांधले आणि त्यांना कालव्यात सोडलं. मुलींनी पोहायचं म्हणजे काय, असं गावानं म्हणून घेतलं. तात्यांनी ऐकलं आणि आणखी भोपळे वाळत घातले. एकोणचाळीसमध्ये, चार वर्षांची झाले तेव्हा, माझी पाळी आली.

आई रोज काठावर उभी राहून ओरडायची. एका दुपारी ती ओरडली नाही. लुगडं खोचून पायऱ्या उतरली आणि तात्यांना म्हणाली, "मला बी बांधा एक."

तिच्या मापाचा भोपळा पिंपळीत मिळाला नाही. तात्या सायकल काढून बारामतीला गेले आणि तिला एकानं भागेलसं वाटेना म्हणून दोन घेऊन आले. कशासाठी लागले, हे मात्र त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही.