नेहमीच्या जागी बसा

डॉ. केशवराव पिशोरकर सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागायला संपादक आले, तेव्हा मी स्पष्टच सांगितलं, "लिहीन, पण मला सरांचा हेवा वाटतो, तोही लिहीन." ते हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतात.

सरांची पहिली ओळख झाली तीच मुळी अंगाचा तिळपापड होऊन. आमच्या कॉलेजच्या आरोग्य केंद्रात मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले. दोन खोल्या, एकीत सर, दुसरीत मी. सरांच्या दाराशी पोरांची ही रांग आणि माझ्यासमोर रिकामं स्टूल. अखेर एकानं दारातून डोकं आत घातलं. मी सावरून बसले. "मॅडम, सर कुठं बसतेत?" शेजारी, म्हटलं. "लई बरं झालं," म्हणून तो गेला. काय बरं झालं ते देवालाच ठाऊक.

ताप घेऊन आलेल्या प्रत्येक पोराला सर म्हणत, "शर्टाचं वरचं बटण बघ बरं." पोरगं मान वाकवून बघायचं, आणि सर पुढं तपासायला लागायचे. ताप, डोकेदुखी आणि त्यात मान वाकेना, तर मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते, हे मलाही माहीत होतं. पुस्तक काही सरांनी एकट्यांनीच वाचलेलं नव्हतं! पण मी "मान वाकव" म्हटलं की पोरं घाबरून ती अधिकच ताठ धरत. सरांचं बटण मात्र सगळ्यांना दिसायचं.

संतोषला ते दिसलं नाही. पिशोर गावचा, वसतिगृहात राहणारा, दुसऱ्या वर्षाचा मुलगा. सरांनी त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर सारली, तर पायांवर जांभळे ठिपके. त्यांनी तिथंच इंजेक्शन दिलं आणि स्वतःच्या गाडीत घालून त्याला इस्पितळात नेलं. निदान झालं: मेनिंगोकॉकल मेनिंजायटिस. धडधाकट पोराला बघता बघता आडवं करणारा आजार. नाकाघशातले जंतू, थुंकीतून आणि अगदी जवळच्या सहवासातून पसरणारे. त्याच्या बाटलीला तोंड लावणाऱ्या, त्याला खेटून बसणाऱ्या सगळ्यांना त्याच दिवशी प्रतिबंधक गोळी द्यायला हवी होती. पण ते सगळे कोण?

ते शोधायचं काम माझ्याकडं आलं. वसतिगृहात खोलीत जेवायला बंदी होती. तरी गावाकडून एसटीनं डबे यायचे आणि पोरं दार लावून एकत्र जेवायची, ही कुजबुज माझ्याही कानावर होती. मी सगळ्यांना जमवलं, आजार समजावून सांगितला, विचारलं. एकट्या खोलीसोबत्यानं हात वर केला. बाकीच्यांचं एकच, "आम्ही मेसमधीच जेवतो, मॅडम." रेक्टर शेजारी उभे असताना दुसरं काय सांगणार?

सर इस्पितळातून परतले. त्यांनी रेक्टरांना चहाला पाठवलं, पोरांना संतोषच्या खोलीत नेलं आणि फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली. "कुणाला बोलणी बसायची नाहीत, माझा शब्द. रोज बसता तसं बसा. नेहमीच्या जागी."

आणि बसली की हो पोरं! सवयीनं, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. मी दारात उभी होते, आणि मला आतून भडकल्यासारखं झालं. घसा कोरडा करून मला जे जमलं नव्हतं, ते यांनी रद्दीवर करून दाखवलं.

गोलात दोन जागा रिकाम्या राहिल्या. एक संतोषची. तिला लागून असलेल्या दुसऱ्या जागेकडं बोट करून सरांनी विचारलं, "इथं कोण?"

पोरं माझ्याकडं बघायला लागली. एक जण पुटपुटला, "मॅडमचा अनिकेत. तुमचा डबा आम्ही खातो, मॅडम, अन् तो आमची भाकर. पाण्याची बाटली त्याची अन् संतोषची एकच."

अनिकेत माझा मुलगा. छावणी भागातल्या आमच्या घरून रोज डबा घेऊन कॉलेजला यायचा. डबा रिकामा परत यायचा आणि मी खूश व्हायचे. सरांनी त्याला वर्गातून बोलावून घेतलं. "काही होतंय का रे?"

"कालपासून अंग कणकणतंय, सर. तुम्हालाच सांगायला येणार होतो."

आईला नाही. सरांना.

"वरचं बटण बघ," सर म्हणाले. अनिकेतची मान वाकली. अंगावर ठिपके नव्हते. तरी सरांनी त्याला गोळीवर न भागवता इस्पितळात देखरेखीखाली ठेवायला लावलं. साधा ताप निघाला. उरलेल्या पोरांच्या गोळ्या त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. "पोरं तुम्हाला घाबरतात. तुम्हीच द्या, म्हणजे भीती जाईल." एवढा चांगुलपणा माणसानं करू नये हो! जळायलासुद्धा जागा ठेवत नाहीत.

संतोष वाचला. एका कानानं कमी ऐकतो, पण सत्काराला पहिल्या रांगेत बसणार आहे. त्यानंतर वसतिगृहातल्या पोरांना लस मिळावी म्हणून सरांनी किती दारं वाजवली, ते इतर लेखांत येईलच.

अनिकेत आता स्वतः डॉक्टर आहे. परवा मला ताप आला, तर खुर्ची ओढून म्हणतो, "आई, शर्टाचं वरचं बटण बघ." म्हटलं, मेल्या, साडीला कुठलं बटण? "मग पदराचा काठ बघ." आवाज थेट सरांचा. मी निमूट मान वाकवली.

सर, आपल्याला निरामय, उदंड आयुष्य लाभो. शंभरीच्या ग्रंथातही लेख मीच लिहिणार, दुसऱ्या कुणाला देऊ नका. तोवर अनिकेतनं एखादी गोष्ट आधी मला येऊन सांगितली, तर ती मी तुम्हाला मुळीच कळू देणार नाही.