नॉर्वेचा खलाशी

सुक्या बोंबलांचा वास आला की आमच्या दातिवरे गावातली ती दुपार आठवते. ‘बाहेरच्यांनो, बोईसर सोडा’ ही माझी पत्रकं नुकतीच छापून आली होती. आपण अस्सल इथलेच, हे दाखवायला केलेल्या डीएनए चाचणीत मात्र आठवा हिस्सा नॉर्वेचा निघाला. चूकच असणार, म्हणून मी गावच्या जुन्या जन्मनोंदी काढायला लावल्या. आजोबांच्या नोंदीत बापाच्या नावाच्या जागी होतं: ‘नॉर्वेचा खलाशी’. घरी सांगितलं, तर बोंबील वाळत घालणारी आत्या हसली, “त्यात काय हाय? बुडत व्हता, गावानं होडीत घेतला. तू असतास तं पत्रक दिलं असतंस त्याला!” त्याचं नाव अजून सापडलेलं नाही. न वाटलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर मी त्याच्या शोधाच्या नोंदी लिहितो.