डावा कौल

मी डावखुरी आहे. सासरी याला ‘डावरी’ म्हणतात, आणि म्हणताना सूर असा लावतात, की जसं काही मी कोणाचा तांब्या उचलून आणलाय. वैभववाडीला माहेरी आईने समोर बसवून मला उजव्या हाताने जेवायला शिकवलं, आणि चारचौघांत मी तशीच जेवते. एकटी असले की मात्र डावा हात आपणहून ताटात जातो. लग्न होऊन देवगडजवळच्या या गावात आले आणि पहिल्याच पंगतीत घोळ झाला. भुकेच्या भरात मी डाव्या हाताने जेवायला लागले, आणि माझं कोपर शेजारी बसलेल्या मोठ्या जाऊबाईंच्या उजव्या कोपरावर आपटलं. त्यांच्या हातातली सोलकढीची वाटी सगळी त्यांच्या नव्या साडीवर. त्या दिवसापासून त्या पंगतीत माझ्यापासून दोन माणसं सोडून बसायला लागल्या.

आता हॉकीचं सांगते. कोकणात हॉकी कुठून, असं बाहेरचे लोक मला अजून विचारतात. गावच्या शाळेत पूर्वी एक मास्तर होते, त्यांनी मुलींना हा खेळ शिकवला. मास्तर बदली होऊन गेले, स्टिका मात्र कपाटात राहिल्या. मुली लग्न होऊन गेल्या, पण मे महिन्यात माहेरी आल्या की त्यांचे हात शिवशिवायचे. मग गावातल्या सुना म्हणाल्या, आम्ही काय नुसतं बघत बसायचं? तेव्हापासून दर मे महिन्यात सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, सामना होतो, माहेरवाशिणी विरुद्ध सुना, सात-सात जणींचा. अट एकच. हरणाऱ्यांनी पंगत वाढायची आणि जिंकणाऱ्यांनी आयतं बसून जेवायचं.

आम्ही सुना सलग चार वर्षं हरलो होतो. म्हणजे वर्षभर वाढायचं ते वाढायचंच, वर मे महिन्यातही वाढायचं. नणंदा पाटावर बसून “वयनी, भात आणा हो जरा” म्हणायच्या तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

सेंटर फॉरवर्डला इथे ‘मधली’ म्हणतात. सुनांची मधली म्हणजे मोठ्या जाऊबाई, सामना सुरू झाला तेव्हापासून. मी माहेरच्या शाळेत पाच वर्षं हीच जागा खेळले होते. पण इथे आल्यावर मला डाव्या कडेला उभं केलं. कारण काय, तर डावरी ना, मग डावीकडे. वा रे न्याय! तीन वर्षं मी त्या कडेला उभी राहून चेंडूची वाट बघत होते. मला मधली व्हायचं होतं. आडून-आडून कशाला सांगू, मला ती जागा हवीच होती, नुसती खेळासाठी नाही. त्या घरात, त्या गावात कडेला उभं राहून मी कंटाळले होते.

यंदा आंब्याच्या पेट्या भरताना मी विषय काढला. आमच्या शेडमध्ये बायका ओळीने बसतात. उजवीकडून आंबा येतो, हातात घेऊन बघायचा, डावीकडे सरकवायचा. माझा आंबा नेमका उलट्या बाजूला जातो आणि शेजारणीच्या मांडीवर ढीग होतो. यंदा मी मधली होईन म्हटल्यावर जाऊबाईंनी त्या ढिगाकडे नुसतं बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मधलीकडे सगळ्यांचा चेंडू येतो, आणि जिच्या हातचा आंबासुद्धा भलतीकडे जातो तिच्या भरवशावर सामना कसा सोडायचा?

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, हॉकीत डावऱ्यांची वेगळी स्टिक नसतेच, सगळ्यांना एकच. आणि ती धरताना वर असतो डावा हात. तोच स्टिक फिरवतो, उजवा नुसता खालून ढकलतो. डावा मालक आणि उजवा गडी. मग या खेळात डावरी कोण आणि उजवी कोण, तुम्हीच बघा! अंगणवाडीतली आमची गोलकीपर माझ्या बाजूची झाली. बाकीच्या चौघी घडीत इकडे, घडीत तिकडे. चार दिवस वाद चालला. माशाला मीठ लावताना वाद, विहिरीवर वाद. माझा नवरा म्हणाला, तुमच्यापेक्षा पंचायतीची निवडणूक बरी.

शेवटी जाऊबाईच म्हणाल्या, देवाला कौल लावूया. गावात हरवलेल्या म्हशीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं देवाला विचारतात, पण हॉकीचं कोणी विचारलं नव्हतं. देवळात गेलो तेव्हा गुरवकाकांनी आधी डोळे वटारले. मग गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं, आणि त्यांनी देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या; ज्या बाजूची आधी पडेल तो देवाचा कौल. धाकटी सून मधली व्हायची असेल तर उजवा कौल दे, नसेल तर डावा दे.

आम्ही सगळ्या बघत उभ्या होतो. मी माझ्या आयुष्यात एका पाकळीकडे इतकं टक लावून बघितलं नव्हतं.

डावी पाकळी पडली.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका राग आला, की देवाचासुद्धा आला. वाटलं, तूही त्यांच्यातलाच. गुरवकाका म्हणाले, झाला निकाल. बायका पायऱ्यांकडे वळल्या. जाऊबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. येताना त्या पायऱ्या चढल्या होत्या त्या गुडघ्यावर हात दाबून, एकेक पायरी थांबून. ते मी पाहिलं होतं, पण तेव्हा मनात माझंच चाललेलं.

“काय निकाल झालो?” त्या म्हणाल्या. “देवान डावो कौल दिल्यान. आता आमच्यात डावरी कोण आसा ती सांगा.”

गुरवकाका चाचरत म्हणाले, तसं नव्हे, आपण विचारलं होतं वेगळं.

“कौल देवान दिल्यान,” जाऊबाई म्हणाल्या. “हॉकी तुमका कळता की माका?”

अंगणवाडीवाली फस्सकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या, गुरवकाकासुद्धा. मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना. उतरताना जाऊबाईंना हात दिला, तर त्यांनी तो घेतला आणि खाली येईपर्यंत सोडला नाही. गुडघा महिनाभर सुजलाय, असं त्या वाटेत मला एकटीला म्हणाल्या.

सामन्याला अख्खा गाव सड्यावर. जाऊबाई माझ्या मागे उभ्या राहिल्या, धावायचं कमी आणि ओरडायचं जास्त. कातळावर चेंडू कसाही उडतो. एक गोल नणंदांनी केला, एक आम्ही. शेवटी शेवटी जाऊबाईंनी मागून चेंडू ढकलला तो नेमका माझ्या डाव्या अंगाला आला. माझी नणंद उजवीकडे धावली, तिला वाटलं मी तिकडेच वळणार. मी स्टिक उलटी केली आणि डाव्या मनगटाने असा फटका दिला, की चेंडू गोलात! सुना एकमेकींच्या अंगावर पडल्या. जाऊबाई गुडघा विसरून नाचल्या आणि मग मटकन खाली बसल्या.

रात्रीची पंगत मांडवात. चार वर्षांनी आम्ही सुना बसलेल्या आणि नणंदा वाढायला. मी लोचटासारखी तीनदा भात मागितला. सवयीप्रमाणे उजव्या हाताने कालवत होते. आज जाऊबाई माझ्या डाव्या हाताला येऊन बसल्या होत्या, मध्ये एकही माणूस न सोडता. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

“डाव्यान जेव गो,” त्या म्हणाल्या. “आज कोणाक भितंस?”

मी हात बदलला, आणि पहिल्याच घासाला माझं कोपर त्यांच्या कोपराला लागलं. मी कोपर चटकन अंगाशी घेतलं. तर त्या भरल्या पंगतीतून उठल्या. वाढणाऱ्या नणंदा बघतच राहिल्या. सुजलेला गुडघा सांभाळत, पान उचलून, त्या माझ्या मागून फिरल्या आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. आता माझा डावा हात एकीकडे आणि त्यांचा उजवा दुसरीकडे. मग त्यांनी नणंदेकडे सोलकढी मागितली. दोन वाट्या, एक माझ्यासाठी.