टरफलांचा पाऊस

वाळल्या कांद्याचा वास आला की मला न्हावरे गावातली ती दुपार आठवते. पावसाचे थेंब मोजणारं यंत्र आमच्या कांदाचाळीशेजारी उभं होतं. त्याच्या दोन शिंगांमधून लेसरचा किरण जायचा आणि तो कापणाऱ्या प्रत्येक थेंबाचा आकार नि वेग नोंदला जायचा. पाहुण्यांत मी मिशी पिळत हे सांगत हिंडायचो. पुण्याच्या संशोधक बाईंनी मात्र बजावलं होतं, इथं कचरा उडाला तर यंत्र दुसऱ्या गावाला नेईन. तरी एका कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी मी तिथंच कांदे निवडायला बसलो. आठवड्यानं बाई आल्या, लॅपटॉप उघडला आणि म्हणाल्या, "दादा, मंगळवारी तीन वाजता कांदे निवडलेत का?" मी म्हणालो, "न्हाई बा, पाऊस आलता." "मोठा थेंब जोरात पडतो, दादा. हे थेंब एवढे मोठे, आणि उतरलेत तरंगत." चाळीच्या सावलीत बसलेले आमचे आबा म्हणाले, "खोटंच बोलायचं व्हतं, तर टरफलाला आधी पडाया तरी शिकवायचं." बाई खळखळून हसल्या, नोंदीतून तेवढा तास खोडला आणि यंत्र राहू दिलं. आता मी कांदे पार विहिरीपलीकडं नेऊन निवडतो, आणि वारा फिरलाच तर बाईंनी विचारायच्या आधी फोन करून कबुली देतो.